टिपणं वेगळं, दाखवणं वेगळं

४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ, बॅट रीफ या प्रवाळखडकांपाशी वन्यजीव कार्यक्रमांचे सादरकर्ते स्टीव्ह अर्विन पाण्यात उतरले, तेव्हा मुख्य चित्रीकरण थांबलेलं होतं. ‘ओशन्स डेडलिएस्ट’ या माहितीपटासाठी हवा साथ देईना, म्हणून मुलीच्या, बिंडीच्या, कार्यक्रमासाठी उथळ पाण्यातली थोडी दृश्यं घ्यावीत असं ठरलं. कॅमेरा जस्टिन लायन्स यांच्याकडे होता. समोर भलामोठा पाकट होता. आपल्या कोकणातले मच्छीमार ज्याच्या शेपटीपासून जपून असतात, त्याच जातकुळीतला. त्या शेपटीचा काटा अर्विन यांच्या छातीत घुसला. ते ४४ वर्षांचे होते. कॅमेरा चालूच राहिला, कारण काहीही झालं तरी चित्रण थांबवायचं नाही, अशी खुद्द अर्विन यांचीच सूचना होती.

ते चित्रण क्वीन्सलँड पोलिसांकडे गेलं आणि मृत्यूच्या चौकशीसाठी वापरलं गेलं. २००७च्या जानेवारीत पोलिसांकडची प्रत पत्नी टेरी यांच्या हवाली झाली. हे दृश्य कधीही दाखवलं जाणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीरपणे सांगितलं होतं. माहितीपट त्याच महिन्यात प्रसारित झाला, त्यात त्या क्षणाची एकही फ्रेम नव्हती. २०१४ मध्ये लायन्स यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्या दिवशी काय घडलं ते तपशीलवार सांगितलं. चित्रण मात्र लोकांसमोर येऊ नये, हेच त्यांचंही म्हणणं होतं. अर्विन यांचा मृत्यू कसा झाला हे आज जगाला ठाऊक आहे, आणि त्यासाठी कुणालाही तो पाहावा लागलेला नाही.

कॅमेरामन, व्हिडिओ एडिटर आणि आउटपुट डेस्कवरच्या आपल्या सर्व सहकाऱ्यांपुढे या अंकात आम्ही हे प्रकरण मुद्दाम ठेवत आहोत. टिपणं आणि दाखवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला घटनास्थळी, क्षणार्धात, आणि बहुतेक वेळा ‘रोल चालू ठेव’ याच बाजूनं घ्यावा लागतो. दुसरा शांतपणे, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कसोटीवर घ्यायचा असतो. आपल्याकडे पहिला झाला की दुसरा आपोआप झाला असं धरलं जातं. दृश्य आलंय ना, मग चालवा. अर्विन यांच्या चमूनं पहिला निर्णय पूर्ण पाळला आणि दुसरा पूर्ण नाकारला. दोन्ही निर्णय बरोबर होते.

याच्या विरोधात सर्वांत वजनदार उदाहरण डॅलसचं आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी कपड्यांचे व्यापारी अब्राहम झप्रुडर यांनी आपल्या ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्यानं जॉन केनेडी यांची हत्या टिपली. जेमतेम २६ सेकंद, ४८६ फ्रेम. ‘लाइफ’ साप्ताहिकानं फिल्म विकत घेतली. झप्रुडर यांनी घातलेली अट होती की, गोळी डोक्याला लागते ती ३१३ क्रमांकाची फ्रेम छापायची नाही. टाइम्स स्क्वेअरमध्ये कुणीतरी ओरडून ओरडून ही फिल्म दाखवायला गिऱ्हाइकं गोळा करतंय, असं भयंकर स्वप्न त्यांना पडलं होतं. सामान्य अमेरिकी प्रेक्षकाला ती हलत्या रूपात राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसली ती थेट मार्च १९७५ मध्ये. तोवर हत्येच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या वॉरन आयोगाच्या छापील खंडांत ३१४ आणि ३१५ या फ्रेमचा क्रम उलटा छापला गेला होता, शंकाकुशंकांचं रान माजलं होतं. प्रसारणानंतर मागणीनं जोर धरला आणि १९७६ मध्ये प्रतिनिधिगृहाची चौकशी समिती नेमली गेली. इथे ते दृश्य दाखवणं योग्य होतं असं आमचं स्पष्ट मत आहे. राष्ट्राध्यक्षाची हत्या झाली होती, सरकारनं एक उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर नागरिकांना स्वतः तपासून पाहायचं होतं. ते तपासायला त्या फिल्मइतकं स्पष्ट दुसरं साधन नव्हतं.

म्हणून आमची कसोटी अशी: या मृत्यूबद्दल जनतेचा असा कोणता प्रश्न आहे, ज्याचं उत्तर केवळ या दृश्यातच आहे? माणूस किती प्रसिद्ध होता, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रसिद्धीमुळे उत्सुकता वाढते, अधिकार वाढत नाही.

ही कसोटी आपल्या देशातल्या दोन घटनांना लावून पाहू. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधी यांच्या सभेत छायाचित्रं घेणारा हरिबाबू त्यांच्या हत्येसाठी घडवलेल्या स्फोटात ठार झाला. त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. त्या रोलनं तपासाला हार घेऊन उभी असलेली मारेकरी धनू दिली आणि कटातला शिवरासनही दिला. सर्वाधिक कामाला आलेल्या फ्रेम स्फोटाच्या आधीच्या होत्या. दुसरी घटना १५ एप्रिल २०२३ ची, प्रयागराजमधली. पोलिसांच्या पहाऱ्यात वैद्यकीय तपासणीसाठी नेत असताना माजी खासदार अतीक अहमद आणि त्याचा भाऊ अश्रफ यांना कॅमेऱ्यांसमोर गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी पत्रकार बनून आपल्याच गर्दीत मिसळले होते. कोठडीतल्या माणसाचा जीव राखणं हे सरकारचं काम, तेव्हा हे चित्रण जनतेचंच आहे. पण त्यात जनतेनं पाहायचं काय आहे? पोलीस किती जवळ होते, बूम पुढे करणाऱ्यांना कुणी अडवलं का, गोळीबारानंतर कोण कुठे धावलं. हे सगळं त्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे आहे. तो क्षण कापूनही बातमी तसूभर कमी होत नाही. तरीही तो क्षण लाल गोलात धरून, स्लो करून, खाली ठोके देणारं संगीत टाकून फिरत राहिला.

लाल गोल कुणीतरी बसून काढलेला असतो. ब्लरही कुणीतरी फ्रेम पुढे-मागे करत, चेहरा हलेल तसा मास्क हलवत लावलेला असतो. ‘ब्लर केलंय, आता काय अडचण आहे?’ हा युक्तिवाद आपल्या डेस्कवर सर्रास ऐकू येतो. अडचण अशी की ब्लरनं रक्त झाकलं जातं, तडफड झाकली जात नाही. शिवाय प्रेक्षकाला जे एकदा अर्धवट दिसतं, ते एडिटरला पुन्हा पुन्हा, पूर्ण आणि जवळून पाहावं लागतं. रात्रपाळीतल्या पोरांना हे काम सोपवून आपण घरी जातो. त्यांच्या मनावर काय होतं याची चौकशी किती वृत्तवाहिन्यांमध्ये होते?

दृश्य हाती नसतं तेव्हाही आपण थांबत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांचं दुबईत निधन झालं. कसलंच चित्रण उपलब्ध नव्हतं. मग पडद्यावर बाथटबचे ग्राफिक अवतरले, एक बातमीदार तर टबमध्ये उतरून मृत्यूचं प्रात्यक्षिक देऊ लागला. जून २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृतदेहाची छायाचित्रं फोनाफोनी फिरली, काही वाहिन्यांनी ती चालवली. महाराष्ट्र सायबरला ती पसरवू नका म्हणून जाहीर इशारा द्यावा लागला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं याहून वेगळं काय असतं?

कायद्यावर विसंबून चालणार नाही, हेही सांगायला हवं. सन्मानाचा हक्क मृतदेहालाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात म्हटलं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं माध्यमांच्या समांतर खटल्यांवर कडक ताशेरे ओढले आणि मृत्यूच्या वार्तांकनात संयम कुठे हवा ते सांगितलं. पण जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सुशांतच्या वडिलांच्या दाव्यात खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, अशी भूमिका घेतली. म्हणजे कुटुंबाला कोर्टात धाव घेऊन प्रसारण थांबवता येईल, याची शाश्वती नाही. आणि समजा आलंच, तरी मनाई हुकूम हाती येईपर्यंत क्लिप लाखो फोनमध्ये पोहोचलेली असते. जे रोखायचं ते आपल्या रनडाउनमध्येच रोखावं लागेल.

‘समोरच्यांनी चालवलंय’ याला उत्तर काय, असं अनेक सहकारी आम्हाला विचारतात. त्यांची अडचण आम्ही हलक्यानं घेत नाही. पीसीआरमध्ये समोरच्या भिंतीवर इतर वाहिन्या दिसत असतात आणि वरून फोन येतो, तेव्हा एकट्या शिफ्ट प्रोड्यूसरनं तत्त्वासाठी उभं राहावं ही अपेक्षा क्रूर आहे. म्हणून नियम आधी लिहिलेला हवा, संपादकाच्या सहीनं. अर्विन यांच्या बाबतीतही नकार टिकला तो तपासयंत्रणा, कुटुंब आणि चित्रण करणारा, तिघेही एका बाजूला उभे राहिले म्हणून.

आमची मागणी साधी आहे. मृत्यूचं रॉ फुटेज इनजेस्टला आलं की ते सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये न टाकता कुलूपबंद फोल्डरमध्ये जावं आणि ते कुणी उघडलं याची नोंद राहावी. मूळ फाइलला हात लावू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्य द्यावं लागतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत तपासात लंगडी पडू शकते. वार्ताहरानं मूळ कार्ड जपावं, स्ट्रिंगरच्या ग्रुपवर क्लिप ढकलू नये. दाखवायचंच ठरलं तर दृश्यात काय आहे ते अँकरनं आधी शब्दांत सांगावं, क्षण कापलेला असावा, आणि ते एकदाच चालावं, लूपवर नव्हे. नातेवाइकांना कळवल्याची खात्री होईपर्यंत तेही नको. आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव, वेळ आणि एका ओळीतलं कारण रनडाउनमध्ये नोंदवलेलं असावं.