केस सरळ, नजर वाकडी

कुरळ्या केसांसाठी मराठीत शब्द कमी नाहीत, फक्त ते उच्चारणाऱ्यांचा सूर ऐका. गाण्या-कवितांत कुरळे कुंतल असतात, कपाळावर भुरभुरणाऱ्या बटा असतात. घरात आलं की त्याच बटांच्या झिंज्या होतात. केरसुणी, काथ्या, सुतळी, चिमणीचं घरटं. ‘केस पिंजारून हिंडते’ या वाक्यात केसांबद्दल थोडं आणि बाईच्या रीतीभातीबद्दल जास्त बोललेलं असतं. मुलीला वळण हवं असा आपला आग्रह. तिच्या केसांना मात्र ते नको.

मला बंगळुरूत येऊन चौदा वर्षं झाली. आमच्या इमारतीत कन्नड, तमिळ, मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा पाच भाषा रोज लिफ्टमध्ये भेटतात. या पाचही भाषांत मला एकच सल्ला मिळालेला आहे: एकदा सरळ करून टाक, सुटशील. सल्ला देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. त्यांच्या गृहीतकाबद्दल आहे. कुरळे केस म्हणजे बिघडलेले सरळ केस, असं ते गृहीतक. ते खोटं आहे. त्यावर पार्लरांचा धंदा, शाळांची शिस्त आणि लग्नाचा बाजार उभा आहे, म्हणून ते नुसतं खोटं म्हणून सोडून देता येत नाही.

केस वळतो तो त्वचेच्या आत. मुळाची नळी सरळ असेल तर केस सरळ निघतो. ती वाकलेली असेल तर केस वळत वळत बाहेर येतो. टाळूतून स्रवणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा, ही कुरळ्या केसाची जन्मजात रीत आहे. कोरडे केस एकमेकांत अडकतात. अशा केसांत आपण बारीक दातांचा कंगवा घालतो, तोही कोरड्यावर, मुळापासून खाली ओढत. कापूस पिंजावा तसे केस पिंजायचे आणि वर त्यांना ‘पिंजारलेले’ म्हणून नावं ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

त्यात हे शहर. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, फेब्रुवारी ते एप्रिल हवा कोरडी ठणठणीत. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत वाढलेले केस इथे दोन महिन्यांत वेगळे वागू लागतात. कावेरीचं पाणी जवळजवळ शंभर किलोमीटरवरून उपसून वर चढवावं लागतं. पाचव्या टप्प्याचं पाणी ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं, तरी किती घरं अजून बोअर आणि टँकरवर आहेत ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तो थर केसांवरही बसतो. इथे आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षात ‘इथल्या पाण्याने केस गेले’ म्हणते, आणि पार्लरवाल्या बाई लगेच मान डोलावून दरपत्रक पुढे करतात.

त्या दरपत्रकावर ‘केराटिन ट्रीटमेंट’ असं लिहिलेलं असतं. केराटिन हे केस ज्यापासून बनतो ते प्रथिन. नाव ऐकून वाटतं, केसाला त्याचंच हरवलेलं काही परत देत असतील. प्रत्यक्षात अशा कितीतरी मिश्रणांत केस सरळ धरून ठेवण्याचं काम केराटिन करत नाही. ते करतं फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर ते सोडणारं दुसरं रसायन, आणि त्यावरून फिरणारी दोनशे अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात २००४ साली टाकलं. मग बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असं छापून ग्लायऑक्झिलिक आम्ल आलं. २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली: केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि एकदा नाही, तीनदा. वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होतं.

गिऱ्हाईक वर्षातून दोनदा त्या खुर्चीत बसतं. इस्त्री धरणारी मुलगी मात्र ती वाफ रोज घेते. या शहरातल्या पार्लरांत ईशान्य भारतातून आलेल्या कितीतरी मुली हे काम करतात. आमच्या सरळ केसांची किंमत त्यांच्या फुप्फुसांतूनही वसूल होते, हे बिलावर छापलेलं नसतं.

एका पार्लरात माझ्या केसांना हात लावून तिथल्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, फुल डॅमेज आहे.’ त्या केसांना रंग नाही, इस्त्री नाही, रसायन नाही. ते फक्त कुरळे होते. माझ्या मुलीच्या शाळेने डायरीत लाल शाईने लिहून पाठवलं: केस नीटनेटके, तेल लावलेले आणि घट्ट बांधलेले असावेत. पोर चौथीत आहे. त्या रात्री तिने मला विचारलं, ‘आई, माझे केस कितवीत गेल्यावर सरळ करायचे?’ करायचे की नाही, हा प्रश्नच तिच्यासाठी उरलेला नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या शरीराचा एक भाग दुरुस्तीच्या यादीत घातला होता, फक्त तारीख ठरायची होती. माझं भांडण त्या यादीशी आहे.

‘घट्ट’ या शब्दाशीही आहे. रोज ओढून बांधलेल्या वेणीने कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस मागे सरकतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, आणि ताण वर्षानुवर्षं चालू राहिला तर ते केस परत येत नाहीत. शिस्तीच्या नावाखाली शाळा मुलींच्या डोक्यावर हेच करते.

वेणी ही मुळात रक्षणाची गोष्ट आहे. कम्मनहळ्ळीत आमच्या खालच्या मजल्यावर एक नायजेरियन विद्यार्थिनी राहायची. रविवारी तिच्या खोलीत तीन-चार मैत्रिणी जमून एकमेकींचे केस गुंफत बसायच्या. ती काय करते ते मी पाहिलं. आधी केस ओले, त्यावर क्रीम, मग तेल, मग भाग पाडून सैल हाताने वेण्या. त्या आठवडे टिकतात, आणि तेवढा काळ केस वारा, धूळ, घर्षण यांपासून वाचतात. तिने मला विचारलं, ‘तुझ्या आजीने शिकवलं नाही का?’ आजीने शिकवलं होतं की. तेल, वेणी, रात्री केस मोकळे सोडून झोपायचं नाही. फरक दोनच: आजी तेल कोरड्या केसांना लावायची आणि वेणी ओढून घालायची.

आता तेलाबद्दल, कारण मराठी घरात केसांवरचा कुठलाही वाद तेलाशी येऊन थांबतो. तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्याचा, तेल हे त्यावरचं झाकण. भांडं रिकामं असेल तर झाकून काय राखणार? खोबरेल तेलाची बाजू मात्र भक्कम आहे. २००३ साली मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की धुण्याआधी आणि नंतर लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनाची झीज कमी करतं. बाकी दोन तेलांना ते जमलं नाही. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही लक्षात ठेवावं. पण कारण समजण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. म्हणजे आजीचं तेल बरोबर; ‘तेल लाव, सगळं ठीक होईल’ हे अपुरं.

घरी करायचं ते एवढंच. नहायच्या आधी तासभर खोबरेल. सौम्य शॅम्पू फक्त टाळूला. कंडिशनर टोकांना, आणि ते केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर जात गुंता सोडवायचा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती पंचा दाबून पाणी टिपायचं. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळून गरम असतानाच गाळलं की बुळबुळीत रस मिळतो. तो ओल्या केसांना लावायचा, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायचा. वर थेंबभर तेल. झोपताना सैल वेणी आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. हेल्मेटखाली मानेशी सैल वेणी. याला ना बारा बाटल्या लागतात ना परदेशी नावं. सरळ केसांचा बाजार सोडून कुरळ्यांच्या बाजारात शिरणं, दर महिन्याला नवा डबा घेणं, ही सुटका म्हणता येणार नाही. दुकान तेवढं बदललं.

कन्नडमध्ये वेणीला ‘जडे’ म्हणतात. मोगऱ्याच्या कळ्यांनी मढवलेली ‘मोग्गिन जडे’ हा इथल्या मुलींच्या कौतुकाचा सोहळा असतो. मराठीतली ‘जट’ याच शब्दाची नातलग, दोघी ‘जटे’च्या कुळातल्या. एक हात फिरलेला केस, दुसरा हात न फिरलेला. गुंता सुटला नाही, गळलेले केस आतच अडकून राहिले, घाम आणि धूळ साचली की जट होते. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ती सौंदत्तीच्या यल्लम्माची हाक मानली गेली, आणि त्या खुणेवर कितीतरी मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध १९८२ साली कायदा केला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी समजूत घालून जटा कापतात. स्वतः निवडून, निगुतीने राखलेल्या जटा वेगळ्या. इथे मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. जिच्या केसांना पाणी आणि कंगवा हवा होता, तिच्या केसांत लोकांना देवी दिसली. एसी पार्लरात त्याच केसांत डॅमेज दिसतं. दोन्हीकडे केस कुणी पाहिलेच नाहीत.

‘आपल्याकडे असे केस नसतात’ असंही ऐकू येतं. कुणाकडे? याच राज्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात शतकानुशतकं सिद्दी समाज राहतो. त्यांची कोकणी मराठी आणि कन्नडमध्ये मिसळलेली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घट्ट कुरळे केस त्यांचे, भूमी त्यांची, आणि तरी ‘कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न त्यांच्याच वाट्याला येतो. जे केस आपले नाहीत असं आपण म्हणतो, ते ज्यांचे आहेत त्यांनाही आपण बाहेर ढकलत असतो. कॅलिफोर्नियाने २०१९ साली केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करण्याला कायद्याने मनाई केली. आपल्याकडे हा भेदभाव आहे असं म्हटलं तरी लोक हसतात.

‘पैसे तिचे, केस तिचे, तुमचं काय जातं?’ असं मला विचारलं जाईल. प्रौढ बाईने सगळं ठाऊक असताना केस सरळ केले तर माझी काही तक्रार नाही. पण निवड म्हणायला दोन वाटा मोकळ्या लागतात. बायांच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायची सवय आपल्याला जुनी आहे. विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला होता. वस्तरा चालवणाऱ्यांनी तेव्हा नकार दिला. आज इस्त्री चालवणारीला बाटलीत काय आहे हेही कुणी सांगत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. शाळांनी ‘स्वच्छ आणि मोकळ्या श्वासाने बांधलेले’ एवढं लिहावं. तेल आणि घट्टपणा घरच्यांवर सोडावा. पार्लरांनी बाटलीतल्या रसायनाचं नाव गिऱ्हाइकाला आणि काम करणाऱ्या मुलीला, दोघींना वाचता येईल अशा भाषेत लावावं, खोलीत वारा खेळता ठेवावा. आणि आपण मराठी बोलणाऱ्यांनी झिंज्या, केरसुणी, काथ्या हे शब्द मुलींच्या डोक्यावरून काढून घ्यावेत. कोपऱ्यातल्या केरसुणीला तिचं नाव परत द्यावं. मुलीच्या केसांना ‘कुरळे’ म्हणावं, आणि तिथेच थांबावं.