हात मोकळे, पण लक्ष कुठे?

वाहन चालवताना हातात मोबाईल धरू नये, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हे कृत्य धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागले. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कायदा चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती त्यातल्या ‘हातात धरलेला’ या शब्दाविषयी.

लोकांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला. हातात धरला तर गुन्हा, मग कानात अडकवला की सगळे माफ!

अलीकडेच एक तरुण दवाखान्यात आला. येवला रस्त्यावर त्याची मोटारसायकल कांद्याच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. मनगट मोडलेले, हनुवटीला पाच टाके. पट्टी बांधताना तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, फोन हातात नव्हताच. ब्लूटूथवर बोलत होतो. ट्रॉली दिसलीच नाही हो!” भरदिवसा, एवढी मोठी ट्रॉली, डोळे उघडे आणि दिसली नाही. तो खोटे बोलत नव्हता. डोळे फक्त चित्र आत पोचवतात, त्याचा अर्थ लावायचा तो मेंदूने. तो मेंदू भाव किती मिळाला, पाहुण्यांना घ्यायला कोण जाणार, या बोलण्यात गुंतला की समोरचे चित्र तसेच पडून राहते.

ही गोष्ट आजची नाही. कॅनडातील टोरांटो शहरात रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ मोबाईलधारक चालकांची फोनची बिले तपासली. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट. आणि हात मोकळे ठेवणारा फोन अधिक सुरक्षित असल्याचे त्यांना आढळले नाही. फोन हातात घेऊन संदेश वाचणाऱ्याचे तर डोळेही रस्त्यावरून हटतात. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद मान खाली घातली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. एस. टी.च्या जवळजवळ तीन गाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात, एवढे अंतर!

यावर हमखास विचारले जाते, मग शेजारी बसलेल्याशीही बोलू नये का? शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आला की तो आपसूक गप्प होतो, प्रसंगी ‘अरे, सांभाळ’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. तो बोलतच राहतो.

मनमाडकरांना हे जास्त सांगायला नको. या गावातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी रेल्वेवर चालली आहे. आगगाडीला ना स्टीअरिंग, ना खड्डे चुकवण्याची भानगड. तरी इंजिनात दोघे असतात, एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात आणि गाडी चालवताना मोबाईल बंद ठेवतात. आणि आपण इंदूर-पुणे महामार्गावर एकटेच हँडल धरून मामेसासऱ्यांशी गप्पा मारतो! याच रस्त्याने पहाटेच्या अंधारात शिर्डीला पायी जाणारे भाविक असतात, पानेवाडीच्या डेपोतून निघालेले इंधनाचे टँकर असतात.

ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमाने रस्ता शोधण्यापुरती फोनची मुभा दिली, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे ‘लक्ष’ हा शब्द सरकारला माहीत आहे! तोच शब्द बोलण्यालाही लावावा. निदान प्रवासी गाड्या आणि टँकर यांच्या चालकांना कानातल्या फोनवरही बोलण्यास मनाई असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पकडायचा कसा, ही अडचण खरी आहे. पण चालकाच्या पाठीमागे बसलेल्या प्रवाशांना सगळे दिसत असते. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील ई-शिवनेरीचा चालक मोबाईलवर क्रिकेट पाहत असल्याचे प्रवाशांनीच उघडकीस आणले आणि त्याच्यावर कारवाई झाली.

घरच्या मंडळींनाही थोडे सांगायचे आहे. रस्त्यावरच्या माणसाला फोन करणारे बहुधा आपणच असतो. “कुठवर आलात?” हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो, पण तो त्याच्या कानात पोचतो नेमका वळणावर. तेव्हा फोन लागला की आधी “गाडीवर आहात का?” असे विचारावे. हो म्हटले की काही न बोलता ठेवून द्यावा. ज्याला बोलणे भागच आहे त्याने गाडी रस्त्यापासून पूर्ण खाली घ्यावी, स्टँडवर लावावी आणि मग बोलावे. पांढऱ्या पट्टीवर एक पाय टेकून नव्हे. मागून येणाराही फोनवर बोलत असू शकतो.