उभ्याने सोडलेला रोजा

धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. तोवर इथे सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. गावाकडचं मोठं घर सोडून कुटुंबं दोन खोल्यांत आली. पण घरातले न लिहिलेले नियम सामानाच्या टेम्पोतून जसेच्या तसे वर चढले.

रमजानमध्ये ते सहज दिसतात. सहेरीला सर्वांआधी कोणी उठायचं, हे ठरवावं लागत नाही. गजर अम्मीच्याच मोबाइलवर लागतो. मगरिबच्या अजानला सारे दस्तरख्वानाभोवती बसलेले असतात; ती मात्र कढईतला शेवटचा घाणा काढत उभ्यानेच खजूर तोंडात टाकते. रोजा तिचाही तेवढ्याच तासांचा असतो. शेजारच्या हिंदू घरी सणाच्या पंगतीत शेवटी जेवणाऱ्या काकूंना हे वेगळं सांगायला नको.

हे धर्माने सांगितलेलं नाही. पैगंबर घरात काय करत, असं हजरत आयेशा यांना विचारलं गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ‘सहीह बुखारी’तली ही हदीस बयानात आवर्जून सांगितली जाते. ती ऐकून घरी आलेले मात्र पाण्याचा ग्लासही मागूनच घेतात.

इफ्तारचं ताट शेजारी पाठवायचं आणि त्यांनी ते रिकामं परत करायचं नाही, हाही न लिहिलेलाच नियम. तो जरूर टिकावा. भजी मात्र दहा मिनिटं आधी तळून ठेवावीत. थोडी गार होतील. पण अजान होताना गॅस बंद असेल आणि तळणारी खाली बसलेली असेल.