पुराव्यापलीकडचं वाचन

डिसेंबर संपत आला की वाचणाऱ्या मंडळींच्या याद्या फिरू लागतात. सरत्या वर्षात किती पुस्तकं झाली, पुढच्या वर्षी किती वाचणार, याचा हिशेब मांडला जातो. कुणाची पंचवीस, कुणाची बावन्न, म्हणजे आठवड्याला एक. चांगलीच गोष्ट आहे. पण मराठी मुसलमानानं पुढच्या वर्षाची यादी करताना आकड्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असं मला वाटतं. मी हे पुस्तक कशासाठी वाचणार आहे? स्वतःला कळावं म्हणून, की कुणाला तरी दाखवता यावं म्हणून?

हा प्रश्न कोल्हापुरात राहणाऱ्याला जास्त जवळचा आहे. ७ जून २०२३ला मोबाईलवरच्या काही स्टेटसवरून हे शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट तोडावं लागलं. १४ जुलै २०२४ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. शाहू महाराजांचं कोल्हापूर असं म्हणत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना हे दोन दिवस विसरता येणार नाहीत. या घटनांनंतर आपल्या समाजात एक बदल मला सतत दिसतो. आपण इतिहास आणि साहित्य वाचू लागलो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून. जे वाचतो ते साक्षीपुरावा म्हणून.

शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमान किती होते, याच्या याद्या दर आठवड्याला मोबाईलवर येतात. दौलतखान, सिद्दी हिलाल, काझी हैदर ही नावं आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण दौलतखानानं आरमारात नेमकं काय केलं, काझी हैदर महाराजांकडे कोणतं काम पाहत होता आणि पुढे त्याचं काय झालं, हे विचारलं तर उत्तर येत नाही. याच याद्यांत मदारी मेहतर हे नाव हमखास असतं. समकालीन कागदपत्रांत ते सापडत नाही, असं काही इतिहास-अभ्यासक म्हणतात. समोरच्यानं एवढी एक गोष्ट काढली की आपली पूर्ण यादी त्याला खोटी वाटू लागते. उसन्या पुराव्याचं असंच होतं. मूळ कागद आपण पाहिलेला नसतो, त्यामुळे तो कुठं टिकेल आणि कुठं तुटेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, मास्तर, घर पेटलेलं असताना वाचनाच्या याद्या कसल्या करता? पुरावे लागतातच की. लागतात, हे मला मान्य आहे. कोर्टात वकिलाला लागतात, चर्चेत अभ्यासकाला लागतात. पण वर्गातल्या चौदा वर्षांच्या पोराला आपण साहित्य आणि इतिहास फक्त बचावासाठी दिला, तर ते स्वतःला कायमचं आरोपी समजायला शिकतं. त्याला शेख महंमद कवी म्हणून भेटत नाही, दाखला म्हणून भेटतो. ‘बघा, आमच्यातही संत होते’ एवढ्यावर त्याचं काम संपतं. म्हणून पुढच्या वर्षासाठी मी दहा पुस्तकांची यादी केली आहे आणि तिला एकच अट घातली आहे : यातलं एकही पुस्तक कुणाला उत्तर देण्यासाठी वाचायचं नाही.

सुरुवात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’पासून. सतराव्या शतकातला हा ग्रंथ वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केला. अठरा प्रसंग, सुमारे २,३०० ओव्या. रोज सात ओव्या घेतल्या तरी वर्ष संपायच्या आत ग्रंथ पुरा होतो. फजरनंतरची दहा मिनिटं त्यासाठी ठेवली आहेत. त्यातली मराठी जुनी आहे, काही शब्द अडतील, पण फारसी-अरबी शब्द कानावर असलेल्या वाचकाला काही वाटा आपसूक सापडतात. हा आपला फायदा आहे आणि तो आपण वापरत नाही.

येत्या वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे बोर्डाच्या परीक्षांच्या ऐन गर्दीत. त्या महिन्यात कुरआन अर्थासह वाचण्याचा अनेकांचा रिवाज असतो. त्याच्या जोडीला मी विनोबांचं ‘कुराण-सार’ ठेवलं आहे. विनोबांनी मूळ कुरआन वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली आणि कित्येक वर्षं अभ्यास करून निवडक आयती एकत्र केल्या. दुसऱ्याचा ग्रंथ इतक्या आस्थेनं वाचता येतो, याचं हे उदाहरण आपल्याच मराठी मुलखातलं आहे. मग त्याची परतफेड नको का? म्हणून ईदनंतर त्यांचीच ‘गीता प्रवचने’. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. बरोबर राहणारे शेजारी कशाच्या आधारानं जगतात, हे त्यांच्याच पुस्तकातून कळलेलं बरं.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन पुस्तकं, आणि दोन्ही आपल्या लोकांना टोचणारी. पहिलं हमीद दलवाईंचं ‘इंधन’. दलवाई म्हटलं की आपल्याकडे लगेच १९७०चं मुस्लिम सत्यशोधक मंडळ आठवतं आणि माणसं दोन बाजूंना वाटली जातात. पण १९६५ची ही कादंबरी कोकणातल्या एका गावाची आहे. त्या गावातले मुसलमान आणि हिंदू, त्यांची जमीन, त्यांची वासना, त्यांचे जुने हिशेब, सगळं त्यात आहे. दलवाईंची मतं पटोत न पटोत, मराठी कादंबरीत मुसलमान मोहल्ला इतक्या आतून फार कमी जणांनी लिहिला आहे. दुसरं रझिया पटेल यांचं ‘चाहूल’. १९८२मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमाला जायला बंदी घातली गेली, तेव्हा त्याविरुद्ध उभी राहिलेली ही तरुण मुलगी. बाहेरच्यांनी केलेल्या अन्यायावर आपण भरभरून बोलतो. घरातल्यांनी केलेल्या अन्यायाचं पुस्तक यादीत नसेल, तर ती यादी मला अर्धवट वाटते.

२६ जून ही शाहू महाराजांची जयंती. त्या आठवड्यात धनंजय कीर यांचं ‘राजर्षी शाहू छत्रपती’ सुरू करायचं. महाराजांनी १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंगला हात दिला, हे आपण दर भाषणात सांगतो. दसरा चौकातून जाताना ते बोर्डिंग दिसतंही. पण १९०२चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, १९१७चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, वेदोक्त प्रकरण, या सगळ्यांच्या ओळीत बोर्डिंग कुठं बसतं? आपल्यापुरता तुकडा कापून घेतला की महाराज आपल्यावर मेहरबान होते एवढंच उरतं. त्यांच्या पूर्ण कामात पाहिलं तर कळतं की शिक्षणापासून लांब ठेवलेल्या प्रत्येकाचा हक्क म्हणून ते घडत होतं. मेहरबानी आणि हक्क यांत फरक आहे. आपल्या मुलांना तो कळायला हवा.

पावसाळ्यात एक उर्दू कादंबरी, उर्दू लिपीतच : राजिंदर सिंग बेदी यांची ‘एक चादर मैली सी’. पंजाबातल्या एका शीख कुटुंबाची कहाणी, शीख लेखकानं उर्दूत लिहिलेली. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. उर्दू म्हणजे मुसलमानांची भाषा, असं समजणारे दोन्हीकडे आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ही कादंबरी हातात घेतलेली बरी. लिपीचा आग्रह यासाठी की आपल्याकडची मराठी माध्यमातली मुलं घरात दखनी बोलतात, अरबी अक्षरं ओळखतात, पण उर्दूचं पान सलग वाचू शकत नाहीत. उर्दू माध्यमातली मुलं मराठीच्या पानावर अशीच अडतात. वर्षातून एक पुस्तक आपल्या कच्च्या लिपीत वाचायचं, एवढं ठरवलं तरी पाच-सात वर्षांत फरक दिसेल.

गणपतीच्या दिवसांत गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’. ज्या शहरात अल्लादियाखाँसाहेब दरबारगायक होते, त्या शहराचा कान कसा घडला, हे समजून घेण्यासाठी. खाँसाहेबांनी आपल्या आठवणी उर्दूत नातवाला, अझीझुद्दीनखाँना, सांगितल्या होत्या, आणि पुढे त्या इंग्रजीत पुस्तकरूपानं आल्या. ज्याला जमेल त्यानं दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.

दिवाळीच्या सुट्टीत शेवटची दोन. एक नरहर कुरुंदकरांचं ‘जागर’, ज्यात मुस्लिम राजकारणाची कठोर चिकित्सा आहे. कुरुंदकर वाचताना राग येतो, आणि तरी त्यांचं वाक्य सहज बाजूला सारता येत नाही. अशा माणसाशी पेन्सिल घेऊन समासात भांडावं. दुसरं कॉम्रेड गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’. छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. याच शहरात फेब्रुवारी २०१५मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण याही पुस्तकाला माझी अट लागू आहे. त्यातली वाक्यं स्टेटसवर टाकण्यासाठी नाही वाचायचं. पानसरे रयतेच्या राज्याबद्दल काय म्हणतात, शेतसाऱ्याबद्दल काय म्हणतात, ते आधी पाहायचं. मुसलमानांबद्दलचं पान त्यानंतर.

पुस्तकं आणायची कुठून, ही अडचण कोल्हापूरकरानं सांगू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून इथं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशात पहिला कायदा केला तो १९४५मध्ये कोल्हापूर संस्थानानं. मद्रासचा कायदा त्यानंतर, १९४८चा. ग्रंथालयाची वर्गणी मोबाईलच्या रिचार्जपेक्षा जड नसते. आपल्या मोहल्ल्यातली किती घरं कुठल्या तरी वाचनालयाची सभासद आहेत, हे प्रत्येकानं आपल्यापुरतं मोजावं. जलशाच्या व्यासपीठावरून ‘इक्रा’ची आठवण करून देणाऱ्यांनी तर आधी मोजावं.

माझी यादी तुमची व्हावी, असा आग्रह नाही. तुम्ही दुकानदार असाल तर बाजाराचा इतिहास घ्या, शेतकरी असाल तर पाण्याचा. दहा झेपत नसतील तर चार घ्या. फक्त त्या चारांत एक आपल्या परंपरेतलं पूर्ण वाचा, एक शेजाऱ्याचं, एक आपल्याला टोचणारं आणि एक कच्च्या लिपीतलं. दाखले द्यायची वेळ आपल्यावर पुन्हा येईल, याची मला खात्री आहे. तेव्हा पूर्ण पुस्तक वाचलेला माणूस शांतपणे बोलतो, आणि एखाद्या मुद्द्यावर समोरचा बरोबर असेल तर तसं म्हणूही शकतो. यादी फॉरवर्ड करणाऱ्याला हे दोन्ही जमत नाही.