भरती करणारा मुलगा जेवतो का?

पहाटे पाचच्या सुमारास तुमसर, पवनी, लाखनी, साकोली, कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधल्या डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे. कुणाचा बाप हमाली करतो, कुणाची आई रोवण्याला जाते. 'भरती' या एका शब्दावर त्या घरांनी आपली सारी आशा टांगलेली असते. ही पोरे व्यसनात नाहीत, टवाळक्या करीत नाहीत, घाम गाळतात. त्यांचे कौतुकच केले पाहिजे आणि आम्हीही करतो. पण आज या कौतुकाआड लपणाऱ्या एका आजाराविषयी लिहायचे आहे.

आमच्या परिचयातील एक माउली धुणीभांडी करून घर चालवते. तिचा मुलगा बारावीत. शाळेत त्याला 'ढोल्या' म्हणत. भरतीच्या निमित्ताने तो धावू लागला, वजन उतरले, लोक वाहवा करू लागले. मग त्याने रात्रीचा भात सोडला, नंतर सकाळचाही. डबा तसाच परत येई, नाही तर कुत्र्याला जाई. आई सांगायची, "भाऊ, पोरगा लय शिस्तीचा झाला, भात खाऊनच नाही राहिला!" तिला त्यात चिंता नव्हती, अभिमान होता. एके दिवशी तो मैदानावरच भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी नाडी मोजली तर मिनिटाला ४४ ठोके. तब्येत सावरायला कित्येक महिने लागले.

न जेवण्याचा हा आजार श्रीमंतांच्या मुलींचा, असा आपला समज आहे. तो खरा नाही. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली क्षयावरील ग्रंथात या आजाराच्या दोन रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांतली एक मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा! मुलाचे अन्न तुटण्यामागे अभ्यासाचा अति ताण आणि मनाचा क्षोभ आहे, असे वैद्याचे मत होते. त्याने अभ्यास थांबवून गावची मोकळी हवा आणि दुधाचा आहार सांगितला. म्हणजे मुलाची नोंद पहिल्यापासून आहे. पण पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत या आजाराच्या निदानासाठी मासिक पाळी बंद होणे ही एक खूण ठरवली गेली. मुलाला पाळी कुठली? ही अट २०१३ साली निघाली. तोवर कितीतरी पोरे कागदावर आजारीच ठरली नसतील.

या आजाराचे दुसरे रूप उलटे आहे. अंगाने चांगला भरलेला मुलगाही आरशात स्वतःला काडी समजतो. तासन्‌तास व्यायाम, डब्यातली पावडर, दंड फुगले की नाही ही एकच काळजी. हॅरिसन पोप या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली व्यायामपटूंमध्ये हे दाखवून दिले. आज मोबाइलवर दिवसभर पिळदार अंगाची चित्रे सरकत असतात, तेव्हा खेड्यातला पोरगा त्यातून सुटेल कसा?

"इच्छाशक्ती असली म्हणजे उपाशीही धावता येते," असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. १९४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली. चांगली समजूतदार माणसे चिडचिडी व उदास झाली. लक्ष लागेना. दिवसरात्र अन्नाचेच विचार, पाककृतींची पुस्तके वाचणे, ताट चाटणे! ही माणसे मनाने दुबळी नव्हती. उपासमारीनेच त्यांची मने तशी केली. म्हणून घरातला पोरगा चिडका झाला, एकटा राहू लागला, तर त्याला माज चढला असे म्हणण्याआधी त्याच्या ताटाकडे पाहावे.

आता भरतीचाच हिशेब घेऊ. जिल्हा पोलीस शिपाई भरतीत मुलांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. लेखी परीक्षा १०० गुणांची. पोट किती आत गेले, याला एकही गुण नाही! उपाशी दंडाने गोळा लांब जाणार नाही आणि उपाशी डोक्याने पेपर सुटणार नाही.

उंची किमान १६५ सेंटीमीटर लागते. छाती ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. याच आकड्यांच्या धास्तीने काही पोरे मित्राने सुचवलेल्या इंजेक्शन-गोळ्यांकडे वळतात. स्टेरॉइडची ही औषधे वाढीच्या वयात घेतली तर हाडांची वाढीची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते. ज्या उंचीसाठी धडपड, तिचाच गळा घोटला जातो. शिवाय वृषणे आकसतात, हृदयावर व यकृतावर ताण येतो.

मग ताकद कशातून? आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून जमाखर्च मांडतो. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. तीनशे ग्रॅम तांदळातून वीस-बावीस ग्रॅम, साठ ग्रॅम तूरडाळीतून तेरा, दोन अंड्यांतून बारा, पन्नास ग्रॅम हरभऱ्यातून नऊ. बेरीज झालीच! जास्त धावणाऱ्याने पेलाभर दूध किंवा आणखी एक अंडे वाढवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे. रोजंदारीचे पैसे त्या डब्यात घालू नका.

सराव कोणता आणि आजार कोणता, हे ओळखायचे कसे? सराव करणारा पोरगा जास्त धावला की जास्त जेवतो. आजारी पोरगा जास्त धावला तरी कमी जेवतो. पाय मुरगळला तर पहिला विसावा घेतो, दुसऱ्याला एक दिवस चुकला तरी अपराध्यासारखे वाटते. याशिवाय चारचौघांत जेवायचे टाळणे, अन्न लपवणे, जेवल्याबरोबर मोरीत जाऊन ओकणे, सैल कपड्यांत अंग झाकणे, उठताना भोवळ येणे, या खुणा दिसल्या तर थांबू नका. त्याला मारझोड करून एकदम पोटभर कोंबूही नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेले तर रक्तातले क्षार बिघडून जीवही धोक्यात येतो. आधी डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब, रक्त तपासून घ्या. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येते. यात वेडेपणाचा डाग नाही, कमीपणा तर मुळीच नाही.

सिद्धार्थ गौतमाने अन्न तोडून देह हाडांच्या सापळ्यासारखा झिजवला आणि मग या मार्गाने काही साधत नाही हे ओळखून सुजाताने दिलेले अन्न घेतले. विहारात ही कथा आपण वर्षानुवर्षे ऐकतो. ती आता घरातल्या धावणाऱ्या पोरालाही सांगायला हवी.

आणि मोठ्यांनी एक पथ्य पाळावे. 'ढोल्या', 'काडी', 'हड्ड्या' ही नावे घरातून हद्दपार करावीत. आपण हसून विसरतो, पोरगा विसरत नाही. बापाने दिवसातून एक वेळ तरी मुलाच्या शेजारी बसून जेवावे. किती किलोमीटर धावला हे रोज विचारतोच आपण. आज काय जेवला, हेही विचारू या आणि उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला तर उठून जाऊ नये, तिथेच बसून राहावे.