दगड आणि पाणी यांच्या वाटेवर

मागील अंकात आपण सपाट रस्त्यावरील चालण्याविषयी बोललो. त्यानंतर आलेल्या आपल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार होता : हृदयाचे दुखणे होऊन गेलेल्या माणसाने चढाची वाट धरावी की नाही? या प्रश्नाला चार नियमांत उत्तर देता आले असते. परंतु गेल्या मे महिन्यात एका चढाच्या वाटेवर मी स्वतःच एक चूक केली. तीस वर्षे फिजिओथेरपी केलेल्या बाईला ती शोभणारी नव्हती. ती जशी घडली तशी सांगितली, तर नियमांपेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशिया नावाचा प्रदेश आहे. स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रखरखीत ऊन उभे राहते. हा भाग मात्र आपल्या कोकणाच्या गोत्रातला : पाऊस भरपूर, गवत दाट, दगडी कुंपणांवर शेवाळ. आमची मुलगी पोर्तुगालमधील पोर्तो शहरी नोकरीस असते. तेथून उत्तरेकडे मोटारीने सुमारे दोन तासांत हा प्रदेश गाठता येतो, म्हणून तिने आम्हां दोघांना तेथे नेले. बार्रान्तेस या गावापासून आर्मेन्तेइरा येथील जुन्या मठापर्यंत ओढ्याच्या काठाने एक पायवाट जाते. स्थानिक भाषेत तिचे नाव ‘रुता दा पेद्रा ए दा आउगा’, म्हणजे दगड आणि पाणी यांची वाट. लांबी एका बाजूने सुमारे ७ किलोमीटर, आणि चढ एकूण अडीचशे मीटरच्या आसपास. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे पायी जाणारे पुष्कळ यात्रेकरू ही वाट उतरतात. आम्ही खालून वर निघालो होतो.

आरंभी द्राक्षांचे मळे लागतात. ग्रॅनाइटच्या उभ्या खांबांवर चढविलेले ते मांडव पाहून नाशिककडच्या वाचकांचे पाय नक्की रेंगाळतील. पुढे ओक आणि आल्डर वृक्षांची सावली सुरू होते, ओढ्याचा आवाज वाढत जातो, आणि पहिली पाणचक्की दिसते.

पाणचक्की म्हटले की आपल्याला छत्रपती संभाजीनगरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची चक्की आठवेल. या वाटेवर अशा दगडी चक्क्या डझनावारी आहेत, ओढ्याच्या उतारावर एकीखाली एक मांडलेल्या. प्रत्येक चक्की म्हणजे एखाद्या खोलीएवढे दगडी घर. ओढ्यातून पाट काढून वरच्या बाजूने पाणी आणायचे, ते अरुंद तोंडातून जोराने खालच्या कमानीत सोडायचे. तेथे आडवे लाकडी चाक असते, त्याच्या पात्यांवर पाण्याची धार आदळली की चाक फिरते. चाकाचा उभा दांडा वर खोलीत जातो आणि वरची तळी फिरवितो. मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही; चाकाचा एक फेरा तोच दगडाचा एक फेरा. चाक बसविलेल्या त्या अंधाऱ्या, ओल्या पोकळीला गॅलिशियातील लोक ‘नरक’ म्हणतात. वाकून आत पाहिले तर नाव सार्थ वाटते.

चक्की एका मालकाची असे किंवा अनेक घरांच्या सामाईक वारशाची. सामाईक चक्कीवर प्रत्येक घराचे तास ठरलेले असत. आपल्या गावी पाटाच्या पाण्याची पाळी असते, अगदी तसेच. पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री मक्याचे पोते घेऊन जावे लागे. दळण होईपर्यंत थांबणे आले, थांबणे आले की गप्पा, गाणी आणि नाचही आले. ‘मुइन्येइरा’ या तेथील लोकनृत्याचे नावच चक्कीवरून पडलेले आहे.

मला सर्वांत मोह पडला तो मात्र एका काठीचा. तळीच्या वर दाण्यांची लाकडी पेटी टांगलेली असते आणि तिच्या तोंडाशी उतरती पन्हळ. त्या पन्हळीला जोडलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगडाच्या खरबरीत पाठीवर ती थरथरते, पन्हळ हलते आणि दाणे डोळ्यात पडतात. पाणी जोरात आले, दगड वेगाने फिरला, की काठी अधिक थरथरते आणि दाणे अधिक पडतात. पाणी मंदावले की दाणेही कमी. दळणाऱ्याने जवळ बसायची गरज नाही. जेवढी शक्ती, तेवढाच घास.

आमच्या घरी जाते होते. आजी दाणे वैरीत असे तेव्हा तिच्या मुठीला हेच ज्ञान होते. मूठ मोठी झाली तर पीठ भरड पडते, लहान झाली तर दगडावर दगड घासून खुंटा जड होतो. आणि दळताना ओवी चालू असे. ओवीमुळे श्रम हलके होतात असे आपण ऐकत आलो आहोत. माझे अनुमान असे की ओवी आणखी एक काम करीत असे : ज्या वेगाने दळताना गाता येत नाही, तो वेग जात्यावर टिकतच नसे. हे मला वाटेवर सुचले नाही. वाटेवर मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते.

माझ्या पतींची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. वय एकसष्ट. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले होते, तणाव चाचणी झाली होती, मध्यम चढ चालण्यास परवानगी होती. तयारीत उणे काही नव्हते. त्यांच्या हातात नाडी दाखविणारे घड्याळ होते आणि ते मी दर दहा मिनिटांनी वाचीत होते. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. उत्तम, चला. वाटेत दगडात घडविलेले एक छोटेसे खेडे लागते, माणसे, घरे, सारे दगडी. तेथे त्यांनी हौसेने छायाचित्रे काढली. त्यानंतर चढ थोडा उभा होतो. मुलगी पुढे, ते मध्ये, मी मागे. ते एकसारखे चालत होते, ‘हं’, ‘हो’ म्हणत होते. मुलीने मागे वळून विचारले, “बाबा, आपल्या गावी अशी चक्की होती का?” ते थांबले, तोंड उघडले, आणि वाक्य काही आले नाही.

“आई, बाबा बऱ्याच वेळापासून बोलत नाहीयेत,” ती म्हणाली. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात तेव्हा नाडी अठ्ठ्याण्णव दिसत होती.

एका पडक्या चक्कीच्या उंबऱ्यावर त्यांना बसविले. छातीत जडपणा? नाही. जबडा, डावा हात, पाठ? काही नाही. थंड घाम नव्हता, ओठांचा रंग ठीक होता. केवळ दम. पाच मिनिटांत श्वास खाली आला, पंधरा मिनिटांत ते ओढ्याविषयी बोलू लागले. पैकी एकही लक्षण असते तर मी पुढचा विचार न करता ११२ फिरविला असता. हा क्रमांक युरोपभर चालतो आणि आपल्याकडेही तोच आहे. तो पाठ असू द्या.

आता चूक सांगते. हृदयरोगानंतर अनेकांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध असते, यांनाही आहे. हे औषध हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, ते त्याचे कामच आहे. अशा माणसाला धाप लागली तरी घड्याळ शांत आकडा दाखवू शकते. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकविले आहे. तरी घरच्या माणसाच्या बाबतीत मी आकड्यावर विसंबले, कारण आकडा मला हवा तो सांगत होता. आपल्या घरी कोणी हे औषध घेत असेल तर नाडीच्या ठरावीक लक्ष्याचा हिशेब बाजूला ठेवा आणि बोलणे ऐका. चालताना पूर्ण वाक्य सहज बोलता येते, पण गाता येत नाही, तो मध्यम वेग. रोजच्या व्यायामाला तोच पुरेसा. दोन-तीन शब्दांवर वाक्य तुटू लागले की वेग उतरवा. उत्तरे ‘हं’वर आली की थांबा. आणि अशा माणसाला मध्ये ठेवू नका. त्याला सर्वांत पुढे चालू द्या, म्हणजे वेग तो ठरवितो. आमचा क्रमच उलटा होता, बाबा मुलीच्या पावलांशी शर्यत करीत होते.

मठ तेथून फार दूर नव्हता. मी गप्प राहिले, कारण काय बोलावे ते मला कळत नव्हते. अर्ध्या तासाने तेच म्हणाले, “अगं, परत फिरू या.” पस्तीस वर्षांच्या संसारात, शिखर जवळ असताना या माणसाने हे वाक्य उच्चारलेले मी ऐकले नव्हते.

उतरण्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण उतार सोपा हा आपल्याकडील पक्का गैरसमज आहे. दमाला तो सोपा. गुडघ्यांना आणि मांड्यांना नव्हे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतो, आणि अशा कामाने तो चढण्यापेक्षा अधिक दुखावतो. हे दुखणे त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरास येते. सिंहगड उतरून आल्यावर मंगळवारी जिना उतरवेना, असे सांगणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी शक्य तेथे चढ पायी करावा आणि उतरण्यास वाहन पाहावे. पायीच उतरायचे तर दोन काठ्या घ्याव्यात, पावले आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. ओल्या ग्रॅनाइटवरचे शेवाळ तर केळीच्या सालीला लाजवील. आम्ही दीड तास लावून उतरलो. यांना दुसऱ्या दिवशी काही झाले नाही. मांड्या माझ्या धरल्या.

दोन गोष्टी ओघात. जिभेखाली ठेवण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती पिशवीच्या तळाशी नको, खिशात हवी. आणि घ्यायची वेळ आली तर बसून घ्यावी, रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब चालण्याच्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासावी, कारण ती कित्येक तासांनंतरही घसरू शकते.

त्या संध्याकाळी पुण्यातील आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. उद्या विश्रांती, परवा लक्षण नसेल तर थोडे चाला, बोलत बोलत चाला, आणि परत आल्यावर भेटा, असे त्यांनी सांगितले. (भेटलो; चाचणीत नवे काही निघाले नाही.) तिसऱ्या दिवशी मुलीने मोटारीने थेट मठापाशी नेले.

आर्मेन्तेइराचा मठ बाराव्या शतकातला. दर्शनी भिंतीवर चक्राकार जाळीची मोठी गोल खिडकी आहे, आत भिंतींचा गारवा. मध्ये दीर्घकाळ ओस पडलेला हा मठ आता नांदता आहे. तेथे सिस्टर्सियन पंथाच्या साध्वी राहतात. मठाशी एक कथा निगडित आहे. एरो नावाच्या मठाधिपतीने स्वर्ग कसा असतो ते कळावे अशी प्रार्थना केली. एके दिवशी तो रानात फिरावयास गेला, झऱ्याकाठी बसला आणि एका पक्ष्याचे गाणे ऐकू लागला. गाणे संपल्यावर परतला, तर दारातले भिक्षू अनोळखी. तीनशे वर्षे लोटली होती. राजा आल्फोन्सो दहावा याच्या तेराव्या शतकातील ‘कान्तिगास दे सान्ता मारिया’ या गीतसंग्रहात ही कथा आलेली आहे.

मठामागून आम्ही ओढ्याकडे उतरलो. वरच्या अंगाच्या चक्क्या पाहायच्या आणि परत यायचे, एवढाच बेत. या वेळी हे सर्वांत पुढे होते. घड्याळ खोलीवर राहिले होते. परतीच्या चढावर त्यांनी गावच्या जात्याची गोष्ट काढली : जाते कोणी आणले, टाकी लावायला टाकारी केव्हा येई, वरच्या तळीला तडा कसा गेला, आणि त्या तड्याचा आळ कोणावर आला. कुठे थांबून, कुठे दगडावर बसून, पण वाक्य एकही न तोडता ते मठाच्या भिंतीपर्यंत बोलत राहिले. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, जरा पक्षी ऐकू द्या ना.”