दाराच्या आतला कागद

जुन्या गाडीच्या दारात पाणी शिरतं, आणि ते शिरणारच. काच वर-खाली करायची तर काच आणि पत्रा यांच्यात फट ठेवावीच लागते. तिथलं रबर नवं असलं तरी थोडं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोटात उतरतं. तीस-चाळीस वर्षांचं रबर तर नावालाच उरलेलं असतं. म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. आत आलेलं पाणी तिथून रस्त्यावर गळून जावं, हा हिशेब. पण दाराच्या आतल्या पत्र्यालाही काचेच्या मशीनसाठी आणि कुलपासाठी मोठमोठी खिंडारं असतात. पाण्यानं त्यातून आत येऊ नये म्हणून त्यावर पूर्वी डांबरी किंवा मेणाचा कागद चिकटवत, पुढे प्लॅस्टिक आलं. त्याच्यावर हार्डबोर्डचं रेक्झिन चढवलेलं पॅड बसतं, आणि कागद कायमचा नजरेआड होतो.

गाडीचा मालक किती दर्दी आहे हे पाहायचं असेल, तर बॉनेट उघडू नका. पॅड उतरवून हा कागद जागेवर आहे का ते पाहा.

प्रीमियर पद्मिनी आमच्या कुर्ल्यात बनायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. छान झालं. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या घरी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची दारं आतून सडताहेत. वरून रंग आरशासारखा, क्रोम झळाळतंय, आणि दाराची खालची कड नखानं दाबली की पापुद्रा सुटतो.

हे घडतं कसं, तेही साधंच आहे. गाडी रंगाला जाते, पॅड उतरतात, जुना कागद फाटतो. पेंटर तो चुरगाळून फेकतो. रंग झाल्यावर पॅड थेट पत्र्यावर ठोकली जातात. पहिल्या पावसात काही कळत नाही. दुसऱ्या पावसापर्यंत हार्डबोर्ड खालून फुगतो, क्लिपा सुटतात, रेक्झिनला पोट येतं. मग कार्पेटखाली ओल, कुबट वास, आणि शेवटी फरशीचा पत्रा. मालक बिचारा पुढच्या काचेचं रबर बदलत बसतो.

कारागिराला यात दोष देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. आमच्या भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींना मी विचारलं, तुम्ही प्लॅस्टिक का लावत नाही? ते हसले. "लगाने को लगा दूँ, पर इसका पैसा कौन देगा?" त्यांचं खरं आहे. प्लॅस्टिकचा खर्च चहा-नाश्त्याएवढा. पण चार दारांचा जुना चिकटा रॉकेलनं सोडवायचा, गंज घासायचा, तळाची बुजलेली भोकं तारेनं मोकळी करायची, मग कापायचं आणि चिकटवायचं, यात दिवस जातो. क्रोमच्या बंपरला हजारो रुपये मोजणारा शेठ या दिवसाच्या मजुरीवर घासाघीस करतो, कारण दाखवायला काही नाही.

काही जण म्हणतात, आम्ही पावसात गाडी काढतच नाही. मग धुता कशानं? पाइपचं पाणी त्याच फटीतून जातं. काहींना अस्सल डांबरी कागदच हवा असतो. हौस म्हणून ठीक आहे, पण मुंबईच्या पावसात मी जाड प्लॅस्टिकच निवडीन, साधारण दीडशे मायक्रॉनचं. पॅड त्यावर ठेवून आकार काढावा. हँडलच्या दांड्यासाठी गोल भोक पाडू नये, छोटी फुली मारावी, म्हणजे प्लॅस्टिक दांड्याला घट्ट बसतं. चिकटवायला ब्युटाइलची टेप घ्यावी, ती मऊ राहते आणि पुढे मशीन दुरुस्त करायचं झालं तर न फाडता सोडवता येते. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर लावूच नये. त्यातलं आम्ल उघडा पत्रा खातं.

सगळ्यात जास्त चुकते ती खालची कड. ती पत्र्यावर बाहेरून चिकटवली, तर ओघळणारं पाणी तिच्यामागून पॅडवर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. ती कड आतल्या पत्र्याच्या खाचेतून दाराच्या पोटात वळवायची, म्हणजे पाणी पुन्हा आतच पडतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. एवढ्या एका गोष्टीसाठी मालकानं गॅरेजमध्ये थांबावं. पॅड बसवण्याआधी काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतायला सांगावं. पाणी दाराखाली टपटपलं आणि प्लॅस्टिक अलीकडून कोरडं राहिलं, तर काम झालं.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचू लागल्या आहेत. ज्यांना ती पाटी हवी आहे त्यांनी यंदा बिलात या कामाची वेगळी ओळ लिहून घ्यावी, आणि मिस्त्री सांगेल ती मजुरी द्यावी. काम मे महिन्यातच उरकावं. एकदा हवेत दमटपणा आला की ओलसर पत्र्यावर टेप धरत नाही.